परीक्षेचा मक्ता

रोहिणखेडवरून बोलतेय. ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. रेकॉर्डिंगच्या वेळी घाईत सुटलेल्या एकदोन गोष्टी यात घातल्यात, आणि मागून येणारा शेजारच्या ट्रॅक्टरचा आवाज काढून टाकलाय.

आमचं गाव इतिहासात आहे, पण दोन ओळींपुरतं. बुलढाणा जिल्हा, मोताळा तालुका, राजूर घाटाच्या खालचं गाव. १४३७ ची एक लढाई, १५९० च्या सुमाराची दुसरी, आणि १५८२ सालची एक देखणी मशीद. यावर एक भाग कधीतरी करायचाच आहे. आजचा विषय मात्र लढाईचा नाही, परीक्षेचा आहे. परीक्षा सरकार घेतं, पण ती पार पाडतं कोण, आणि बिघडली तर उत्तर कोणी द्यायचं?

सुरुवात घरापासून करते. ऑगस्ट २०२२. संध्याकाळी लाइट गेलेली होती, आणि माझी चुलत बहीण ओट्यावर बसून मोबाइलवर एक लांबलचक पीडीएफ सरकवत होती. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने २०१९ च्या टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, गैरप्रकार केलेल्या उमेदवारांची यादी लावली होती. ७,८७४ नावं. त्यांची संपादणूक रद्द, आणि पुढे टीईटीला बसायला कायमची बंदी. ती परीक्षा जानेवारी २०२० मध्ये झाली होती आणि ताई त्यातच पास झालेली. डीएडचं सर्टिफिकेट पेटीत ठेवून दोन वर्षं सकाळी शेतात, रात्री पुस्तकात, अशी पास झालेली. तिला माहीत होतं की आपलं नाव यात असणं शक्यच नाही. तरी ती एकेक नाव बघत होती. आबा म्हणाले, "खाल्ले त्याहीनं, अन् यादीत नाव पाहा लागते तुले?"

नाव नव्हतंच. पण दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर एका बाईने विचारलंच, "तुमचं नाही ना आलं त्याच्यात?" हसत विचारलं, पण विचारलं. तो प्रश्न ताईच्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या यादीमागचं प्रकरण थोडक्यात सांगते. खटल्यांचं काय व्हायचं ते कोर्ट ठरवेल. मी सांगतेय ते पोलिस तपासात पुढे आलेलं. डिसेंबर २०२१ मध्ये म्हाडाच्या भरतीची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली. ज्या कंपनीकडे परीक्षेचं काम होतं, त्या जीए सॉफ्टवेअरच्या संचालकालाच पुणे सायबर पोलिसांनी पकडलं होतं. त्याची चौकशी करता करता धागा टीईटीपर्यंत गेला, कारण टीईटीचं कामही याच कंपनीकडे होतं. त्याच महिन्यात परीक्षा परिषदेचे तेव्हाचे आयुक्त तुकाराम सुपे यांना अटक झाली. घरातून रोख रक्कम आणि सोनं निघालं. पद्धत काय, तर पैसे दिलेल्या उमेदवाराने ओएमआर शीटवरचे गोळे कोरे सोडायचे, ते नंतर भरले जाणार. काहींचे गुण नुसते कॉम्प्युटरवर वाढवले. काहींना तर थेट प्रमाणपत्रच. पास म्हणून जाहीर झालेले सगळे मिळून सोळा हजारांच्या वर, आणि त्यांतले जवळपास निम्मे असे!

आता तुम्ही म्हणाल, अटक झाली, यादी लागली, बंदी आली, म्हणजे हिशेब चुकता झाला की. मलाही आधी तसंच वाटायचं.

मग माझीच एक गोष्ट घडली. कुठल्या भरतीची परीक्षा, कुठली कंपनी, ते सांगत नाही. सेंटर नागपूर. मलकापूरहून रात्रीची गाडी पकडून पहाटे नागपुरात, स्टेशनवरच तोंड धुतलं आणि रिक्षाने सेंटरवर. सर्व्हर बंद. पेपर अडीच तास उशिरा सुरू झाला. मध्येच माझी स्क्रीन गोठली. परत चालू झाली तेव्हा घड्याळ पुढे पळालेलं आणि दिलेली चार उत्तरं गायब. पर्यवेक्षक म्हणाले, कंपनीला मेल करा. कंपनीचं उत्तर आलं, तक्रार संबंधित विभागाकडे नोंदवा. विभागाला फोन केला तर, "मॅडम, परीक्षा आम्ही घेत नाही, एजन्सी घेते." फीचे हजार रुपये गेले, गाडीभाडं गेलं, आणि चार उत्तरं कुठे गेली ते आजतागायत कोणाला माहीत नाही.

यात गुन्हा कुठला? काहीच नाही. कोणी लाच खाल्ली नाही, पेपर फोडला नाही. म्हणजे पोलिसांकडे जायची सोय नाही. आपल्याकडे परीक्षेच्या कंत्राटदाराला जाब विचारायचा तर आधी त्याने मोठा गुन्हा करायला हवा. नुसतं काम वाईट केलं, तर जाब विचारायला खिडकीच नाही. हे डोक्यात बसलं आणि मी जुन्या वह्या काढल्या.

आपण "मक्तेदारी" हा शब्द सर्रास वापरतो. एकाच कंपनीचा बाजारावर ताबा, वगैरे. मुळात मक्ता म्हणजे सरकारचं काम ठरावीक रकमेवर खासगी माणसाने उचलणं. आणि आपल्या वऱ्हाडात हा मक्ता पोटभर चालला. निजामाच्या काळात सारा गोळा करायचं कामच मक्त्याने दिलेलं असायचं. हैदराबादचा एक मोठा सावकार होता पुरणमल. त्याच्याकडे वऱ्हाडाचा बराचसा भाग होता. १८३९ मध्ये इंग्रज रेसिडेंटच्या दबावाने त्याला काढलं आणि त्याचे परगणे पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीला दिले. ही मंडळी साधी नव्हती. वऱ्हाडातला कापूस मोठ्या प्रमाणात मुंबईला पाठवायला १८२५-२६ च्या सुमारास पहिल्यांदा सुरुवात केली ती त्यांनीच, आणि पेस्तनशाही नावाचा रुपयासुद्धा चलनात होता. निजामाचे दिवाण चंदूलाल यांना सारखी पैशांची गरज. पेढी उसने पैसे देणार, बदल्यात दरबार वऱ्हाडाचा वसूल लावून देणार. चंदूलाल गेले तसं वारं फिरलं, आणि १८४५ मध्ये पेस्तनजींनाही बाहेर काढलं. आठ वर्षांनी, १८५३ मध्ये, वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं.

मला यातलं एकच दिसतं. भांडण झालं ते दरबार आणि पेढी यांच्यात. पैसे बुडाले म्हणून पेढी ओरडली, दरबाराने करार मोडला म्हणून ओरडली. पण ज्याच्याकडून सारा वसूल झाला तो कुणबी त्या करारात कुठेच नव्हता. जास्त वसूल केला तर त्याने कोणाकडे जायचं? मक्तेदार म्हणणार दरबाराकडे जा, दरबार म्हणणार मक्तेदाराकडे. (नागपूरचा तो फोन आठवला ना?) आणि मक्ता बदलला की झालं, नवीन माणूस, नवीन सुरुवात.

परीक्षांचा मक्ता आपल्याकडे असाच हातोहात फिरला. २०१७ मध्ये राज्याने भरतीसाठी महापरीक्षा पोर्टल आणलं. तक्रारी इतक्या झाल्या की पोरं रस्त्यावर उतरली आणि २०२० च्या सुरुवातीला पोर्टल बंद झालं. मग खासगी कंपन्यांची यादी करून विभागांना त्यातून निवडायला सांगितलं. २०२१ मध्ये आरोग्य विभागाची भरती: सप्टेंबरातली परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली, ऑक्टोबरात झाली, आणि तिचे पेपर फुटल्याचं उघड झालं. डिसेंबरात म्हाडा, मग टीईटी. २०२२ मध्ये ठरलं की आता टीसीएस आणि आयबीपीएसकडूनच परीक्षा घ्यायच्या. दर वेळी कंत्राटदार बदलला. फी भरणारा आणि रात्रीची गाडी पकडणारा मात्र तोच राहिला.

शाळेच्या परीक्षांचा इतिहास थोडा वेगळा आहे, पण बोजा तिथेही खालच्या माणसावरच. १८६२ मध्ये इंग्लंडने नियम केला: तपासनीस शाळेत येणार, पोरांना वाचायला, लिहायला, गणित करायला लावणार, आणि जितकी पोरं पास तितकं अनुदान. ही "निकालावर पैसे" पद्धत मग मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांपर्यंत आली. पोरगं आजारी पडून गैरहजर राहिलं तरी मास्तरच्या पोटाला चिमटा. जुन्या लोकांच्या बोलण्यात "दिपोटी येणार" म्हटल्यावर शाळा कशी थरथरायची ते ऐकलं असेल. तिथे परीक्षा निदान सरकारचाच माणूस घ्यायचा. कोणाच्या नावाने बोटं मोडायची ते तरी माहीत होतं.

आता त्याच इंग्लंडची पुढची गोष्ट. आजच्या भागातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती हीच, कारण इथे कोणी लाच खाल्ली नव्हती. फक्त काम बिघडलं होतं.

तिथे ११ आणि १४ वर्षांच्या सगळ्या मुलांची राष्ट्रीय चाचणी व्हायची. २००७ मध्ये ती पार पाडायचं पाच वर्षांचं कंत्राट ईटीएस या अमेरिकी संस्थेला मिळालं, १५ कोटी ६० लाख पौंडांचं. ईटीएस म्हणजे टोफेल आणि जीआरई घेणारी, जगातली नावाजलेली. २००८ च्या उन्हाळ्यात पहिल्याच वर्षी सगळं कोलमडलं. पेपर तपासणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण वेळेत नाही, हेल्पलाइन कोणी उचलत नाही, ईमेल पडून, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे भलत्याच ठिकाणी, काही गठ्ठे न्यायलाच कोणी आलं नाही. जुलैत लागायचे निकाल लांबले. काही शाळांना सुट्ट्या लागल्या तरी निकाल नव्हता.

पुढचं नीट ऐका. एक, ऑगस्ट २००८ मध्ये, म्हणजे महिनाभरातच, कंत्राट संपवलं. दोन, पैसे परत घेतले: १ कोटी ९५ लाख पौंड रोख, शिवाय ४६ लाख पौंडांची बिलं रद्द. तीन, लॉर्ड सदरलँड यांची स्वतंत्र चौकशी लागली आणि तिचा अहवाल त्याच डिसेंबरात लोकांसमोर आला. त्यात कंपनीवर ठपका होताच, पण कंपनीवर देखरेख ठेवायची जबाबदारी ज्या सरकारी संस्थेची होती, त्या क्यूसीएवरही होता. तिचे प्रमुख केन बोस्टन यांनी राजीनामा देऊ केला. संसदेच्या समितीनेही खोदून विचारलं. आणि १४ वर्षांच्या मुलांची ती चाचणी ऑक्टोबरात सरकारने बंदच करून टाकली.

इंग्लंडचं कौतुक करायला मी हे सांगत नाहीये, त्यांचंही पुढे येतंच. पण तिथे तीन गोष्टी ठरलेल्या होत्या: कंत्राटाचा आकडा सगळ्यांना माहीत, बिघडल्यावर पैसे परत घ्यायची सोय, आणि पोलिसांच्या बाहेरची चौकशी, जी कंपनीइतकंच देखरेख करणाऱ्यालाही विचारते. आपल्या टीईटीत आपल्याला आरोपी कळले, उमेदवारांची नावं कळली. करारात काय लिहिलं होतं, स्कॅन केलेल्या शीट आणि लागलेला निकाल यांची ताडणी परिषदेत कोण करणार होतं, हे माझ्यासारख्या माणसाच्या हातात कधी आलं नाही.

चौथी गोष्ट इंग्लंडलाही जमली नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई. ती अमेरिकेत मिळाली होती, आणि परत ईटीएसकडूनच! २००३-०४ मध्ये तिथल्या शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे त्यांच्या टीईटीतच म्हणा, लेखी उत्तरं नको तितकी कडक तपासली गेली आणि चार हजारांवर उमेदवार चुकीने नापास झाले. काहींच्या नोकऱ्या हुकल्या, काहींच्या गेल्या. ते एकत्र कोर्टात गेले आणि २००६ मध्ये संस्थेने सुमारे १ कोटी ११ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नापास झाल्याचे पैसे मिळाले त्यांना?" मी म्हटलं, नापास झाल्याचे नाही, चुकीने नापास केल्याचे.

आणि आता इंग्लंडचं "पुढे". २०१४ मध्ये तिथल्या एका टीव्ही कार्यक्रमाने दाखवलं की व्हिसासाठीच्या इंग्रजी परीक्षेत काही केंद्रांवर तोतये बसवले जातात. परीक्षा कोणाची? ईटीएसची. सरकारने कंपनीलाच सांगितलं, तपासून सांगा. कंपनीने सुमारे ५८ हजार चाचण्यांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या आणि त्या यादीवर विसंबून हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा गेले. त्यांत भारतातली पोरं खूप होती. काहींनी खरंच फसवलं होतं. पण काही जण वर्षानुवर्षं कोर्टात भांडून निर्दोष ठरले, तोवर शिक्षण गेलं, पैसा गेला, गावी तोंड दाखवायची सोय राहिली नाही. ज्याच्या केंद्रावर घोळ झाला, त्याच्याच यादीवर पोरांचा निवाडा! शहाण्यासुरत्या सरकारचंही असं होतं. ओट्यावर पीडीएफ सरकवणारी ताई आणि लंडनमधला एखादा पंजाबी पोरगा, दोघंही एकाच जागी उभे.

हे सगळं तुम्हाला सांगायचं अजून एक कारण आहे. २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली की एनसीईआरटीच्या अखत्यारीतलं "परख" हे राष्ट्रीय मूल्यमापन केंद्र उभं करायला तांत्रिक मदतीसाठी ईटीएसची निवड झालीय. ४ डिसेंबर २०२४ ला परखचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. तिसरी, सहावी आणि नववी. देशभरातल्या ७४ हजारांवर शाळा, २१ लाखांवर विद्यार्थी. त्याआधीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ ला, कोरोनातून शाळा कशाबशा उघडल्यावर झालं होतं. या चाचण्यांत पोरांना पास-नापास नसतं; जिल्ह्याचं चित्र निघतं. बुलढाण्याची पोरं गणितात कुठे आहेत, वाचनात कुठे आहेत, ते. पण त्या चित्रावरून उद्या कोणाला प्रशिक्षण, कोणाला नोटीस, कोणत्या जिल्ह्याचं नाव खाली, हे ठरतं.

परखमध्ये ईटीएसने काही घोळ केला असं मी म्हणत नाही. १५-१७ वर्षांपूर्वीच्या चुकीसाठी कोणाला जन्मभर बाहेर ठेवा, असंही नाही. इतक्या चाचण्या घेण्याचा अनुभव फार थोड्या संस्थांकडे आहे. माझा प्रश्न आपल्या बाजूचा आहे. ज्या संस्थेबद्दल अख्ख्या एका देशाने चौकशी अहवाल छापलाय, तिच्याशी करार करताना आपण तो अहवाल उघडून बघितला का?

कायदा झालाय, तोही सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी आठवण करून देईलच. नीटच्या गोंधळानंतर, २१ जून २०२४ पासून, केंद्राचा सार्वजनिक परीक्षांचा कायदा लागू झाला. त्यात परीक्षा पार पाडणाऱ्या कंपनीसाठी वेगळं कलम आहे: १ कोटी रुपयांपर्यंत दंड, परीक्षेच्या खर्चाची वसुली, चार वर्षं परीक्षेच्या कामातून बाहेर. वरिष्ठांचा हात दिसला तर तीन ते दहा वर्षं कैद. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी पावसाळी अधिवेशनात आपलं विधेयक मांडलं. चांगलंच आहे. पण केंद्राच्या कायद्यात नावं आहेत ती यूपीएससी, एसएससी, रेल्वे, बँका, एनटीए अशांची, म्हणजे भरती आणि प्रवेशाची. तिसरीतल्या पोराच्या सर्वेक्षणाला तो लागत नाही. आणि तिथेही मुद्दा गैरप्रकाराचा, म्हणजे परत गुन्ह्याचाच. गोठलेली स्क्रीन त्यात येत नाही. खर्चाची वसुली झाली तरी पैसे जाणार परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे. मलकापूर-नागपूर तिकिटाचे पैसे मागायला कलम नाही.

ताई सध्या एका शाळेत मानधनावर शिकवते. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलीय, अशा सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. त्यानंतर तिच्याच शाळेतले पंचेचाळिशीचे गुरुजी तिच्याकडे येऊन विचारतात, बालमानसशास्त्राची नोट आहे का? ती देते. मग ते हळूच विचारतात, "तुमच्या वेळेसारखं नाही ना होणार?"

मागच्या आठवड्यात आम्ही दोघींनी बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. केंद्राच्या पोर्टलवर, एनसीईआरटीच्या नावे, दहा रुपये ऑनलाइन भरून. तीनच प्रश्न विचारलेत. परखसाठी बाहेरच्या संस्थेशी झालेल्या कराराची प्रत मिळेल का? काम बिघडलं तर किती पैसे परत घेता येतील, याचं कलम कोणतं? आणि कामावर देखरेख ठेवायची जबाबदारी कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याची? ताईने आग्रहाने चौथा प्रश्न खोडला. ती म्हणाली, तीन विचार, तीनची उत्तरं आली तरी खूप.

नियमाने तीस दिवस आहेत. पोचपावतीचा नंबर वहीत लिहून ठेवलाय. उत्तर येवो, न येवो, जे होईल ते पुढच्या भागात वाचून दाखवते. तोवर तुमच्याकडे कोणा परीक्षावाल्याचं "संबंधित विभागाशी संपर्क साधा" असं उत्तर पडलेलं असेल, तर स्क्रीनशॉट पाठवा. नाव-नंबर झाकून.